एकाच जागी दहा चटके

आप्पा खोली भाड्याने देताना आधारकार्ड मागत नसत, चमचा लावत.

दौंडहून कुरकुंभला जाणाऱ्या रस्त्यावर, गाव संपता संपता, त्यांचं घर होतं. पुढच्या भागात ते आणि त्यांची बायको, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या मामी, राहत. मागं पत्र्याच्या चार खोल्या होत्या आणि त्यांत कंपन्यांमधली आमच्यासारखी माणसं. मी तेव्हा कुरकुंभच्या एका औषध कंपनीत, लॅबमध्ये, नुकताच चिकटलो होतो. शिरूरहून रोज जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून खांद्याला बॅग लावून खोली शोधत त्यांच्या ओट्यापाशी येऊन उभा राहिलो. आप्पांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. गाव कुठलं, जात काय, लग्न झालंय का, यातलं काहीही विचारलं नाही. "बस," म्हणाले, आणि आत वळून ओरडले, "अगं, पाणी ठिव."

मला वाटलं चहा येणार. मामी आल्या त्या कढत पाण्याचं पातेलं आणि लांब दांड्याचा स्टीलचा चमचा घेऊन.

"बाही वर कर," आप्पा म्हणाले.

चमचा पाण्यात बुडवायचा, मनात पाच मोजायचे, झटकायचा आणि दंडाच्या आतल्या बाजूला, कोपराच्या वर, टेकवायचा. भाजत नसे, फोड तर नाहीच. फक्त चुरका बसे. पण एकाच जागी, एकाच तालात, दहा वेळा. प्रत्येक वेळेला आप्पा विचारायचे, "काटा कुठं हाय?"

मला काहीच कळेना. कसला काटा? मामींनी दारातून समजावलं. त्यांना या कामाची सवय असावी. "शून्य ते धा सांगायचं, बाळा. काय न्हाई लागलं तर शून्य. पळून जावंसं वाटलं तर धा."

मला पहिल्याच चटक्याला पळून जावंसं वाटत होतं, पण त्या दिवशी दुपारपर्यंत सहा घरं फिरून झाली होती. मी दोन म्हणालो. मग दोन, मग तीन. चमचा तोच, पाणी तेच, उलट थोडं निवलेलं. तरी सातव्या चटक्याला काटा पाचवर गेला आणि दहाव्याला सातवर. मग त्यांनी तळहात पुढं करायला सांगितलं. तिथं पहिल्यालाच तीन होता, तो उतरत उतरत दहाव्याला शून्यावर आला. पोटरीवर काटा बराच वेळ गप्प बसला आणि सहाव्यानंतर एकदम उसळला. आप्पा प्रत्येक आकडा एका लांबलचक वहीत लिहीत होते. शेवटी त्यांनी वही मिटली आणि मामींना म्हणाले, "खरं बोलतो. दोन नंबरची दे ह्याला."

खोटं कोण बोलतं हे त्यांना कसं कळायचं, ते मी पुढं पाहिलं. सगळ्या जागी आणि सगळ्या चटक्यांना एकच आकडा सांगणारा माणूस त्यांच्या मते खोटा. चार नंबरच्या खोलीत गोरखपूरचा एक फिटर आला, मिशीवाला, छाती काढून चालणारा. त्यानं हात पुढं केला आणि प्रत्येक चटक्याला ऐटीत "जीरो" म्हणाला. "चाचा, हम वेल्डिंग करते हैं, इस चम्मच से क्या होगा?" आप्पांनी मान हलवली, त्याला पाठमोरं उभं केलं आणि चमचा गुडघ्याच्या मागच्या लवणीत लावला. एक, दोन, तीन. चौथ्याला फिटर ओट्यावरून खाली अंगणात होता. "आता ह्यो खरं बोलला," म्हणून आप्पांनी त्यालाही खोली दिली. पुढं त्या फिटरचं आणि माझं चांगलं जमलं.

आप्पा पाटसकडच्या एका साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट होते. पस्तीस वर्षं त्यांनी गळीत हंगामात बॉयलरसमोर उभं राहून वाफेच्या दाबाचा काटा बघितला. निवृत्त झाल्यावर बघायला काटा उरला नाही, म्हणून ते माणसं बघू लागले असं मामी म्हणायच्या. वहीसुद्धा कारखान्यातलीच होती, रद्दीत निघालेले लॉगशीटचे गठ्ठे शिवून केलेली. त्यावर छापील रकाने होते: वेळ, वाफेचा दाब, पाण्याची पातळी, शेरा. आप्पांनी ते सगळे रेघ मारून खोडले होते आणि वर लिहिलं होतं कपाळ, मान, पाठ, दंड आतून, तळहात, पोटरी, तळवा. 'शेरा' मात्र त्यांनी तसाच ठेवला होता. माझ्या नावापुढच्या शेऱ्यात 'पोटरी डूख धरते' असं लिहिलेलं मी पुढं वाचलं. खरंच धरते.

त्यांचं एक म्हणणं होतं आणि ते ते दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत. "अंग म्हंजी एक माणूस न्हवं, चाळ हाय. तळहात जुना भाडेकरू. पयल्या दिवशी कुरकुरतो, मंग त्याचं त्याला अंगवळणी पडतं. दंडाची आतली बाजू किरकिरी. तिला जितक्या बारी इचारशील तितकी जास्त बोंबलंल. तोंडाला तर कवाच सवय व्हत न्हाई. कंच्या खोलीत कोण ऱ्हातं ते ठावं पायजे."

हे खूळ कुठून आलं ते मामींनी मला एकदा शेंगा सोलताना सांगितलं. कारखान्यात पाइप गरम आहे का थंड, हे हात लावून बघायची पद्धत होती. शिकवलं जायचं की तळहात लावू नका, हाताची मागची बाजू लावा. एकदा पाळी संपत आली असताना आप्पांनी ओळीनं वीस-बावीस ठिकाणी तळहातच लावला आणि शेवटच्या व्हॉल्व्हला "गार हाय, खोल" म्हणाले. बरोबरच्या फिटरनं खोलला. तो गार नव्हता. आप्पांचा तळहात तेवढ्या वेळात निर्ढावला होता. फिटर वाचला, पण त्याचा खांदा आणि मान कायमची आक्रसली. "तवापासनं ह्यांनी एका जागेचं सांगणं खरं धरलं न्हाई," मामी म्हणाल्या, आणि शेंगांचं सूप पाखडायला लागल्या.

हे कळल्यावर मी चमच्याला हसणं सोडलं. बाकीच्यांना हसण्यासारखं पुष्कळ होतं. घरात गॅस गिझर होता, जावयानं बसवून दिलेला, पण आप्पा तो लावू देत नसत. अंगणात तांब्याचा बंब पेटे. प्रत्येक भाडेकरूच्या बादलीत किती कढत आणि किती गार घालायचं हे वहीत बघून ठरे. नुसतं तेवढंच नाही, पहिला तांब्या कुठं ओतायचा हेही ठरलेलं. मला पायावर, मग पाठीवर, डोकं शेवटी. गोरखपूरच्या फिटरला आधी मान. हिवाळ्यात तो कुडकुडत येई आणि पहिलाच तांब्या डोक्यावर ओतून किंचाळे. बाहेर बंबाशी बसलेले आप्पा मोरीच्या दाराकडं न बघता म्हणायचे, "मानेला इचारलं व्हतं का आधी?"

चहा ते उकळता पीत. जीभ त्यांच्या लेखी वहीत घेण्याच्या लायकीची नव्हती. "लबाड हाय. रोज भाजती आन् रोज इसरती."

माझं अक्षर बरं, म्हणून दोनच महिन्यांत वहीचं काम माझ्याकडं आलं. मला ते "केमिस्ट" म्हणत. दर रविवारी आंघोळीनंतर आप्पा ओट्यावर धोतर गुडघ्यापर्यंत वर घेऊन बसत, मामी पातेलं आणत आणि मी मांडीवर वही घेई. रविवार हा आप्पांच्या स्वतःच्या अंगाचा वार होता. चमचा ते स्वतः लावून घेत, आकडा स्वतः सांगत आणि मी लिहीत असे. कपाळ, मान, दंड. प्रामाणिक माणूस. दंडाला सातव्या चटक्याला डोळ्यात पाणी आलं तर पाणी येऊ देत आणि "सहा" म्हणत. शेवटी तळवा. तळव्याला चमचा टेकलेला ते नुसतं बघत आणि म्हणत, "शून्य. शून्य. लिव्ह, दहाच्या दहा शून्य." मी दहा शून्यं ओळीनं काढी.

तळवे हा त्यांचा अभिमान होता. कारखान्यात बूट मिळत, पण आप्पा अनवाणी चालत. बॉयलरच्या माचीवरचा जाळीचा पत्रा हंगामात असा तापे की त्यावर पडलेलं पाणी उडून जाई, आणि त्या पत्र्यावर पस्तीस वर्षं चालून आपले तळवे पास झालेत असं त्यांचं ठाम मत होतं. "तळहात शिकला त्याला बावीस चटकं लागलं. तळव्याला पस्तीस वरसं लागली. पर शिकला." मलाही ते पटलं होतं. कंपनीत डबा खाताना मी चार जणांना सांगितलंही होतं की आमच्या मालकांचे तळवे बघायला या.

बघायला सगळं गावच आलं, ते चैत्रातल्या यात्रेत. देवीच्या देवळाभोवती काळ्या दगडाची फरसबंदी आहे. भर दुपारी आरती होते आणि आरतीनंतर प्रदक्षिणा. बायका पायाला फडकी गुंडाळून येतात, पुरुष पाय उचलत पळत एक फेरी कशीबशी मारतात आणि मंडपाच्या सावलीत जाऊन तळवे चोळत बसतात. आप्पा हात मागं बांधून निघाले, जसे माचीवरून चालत असतील तसे. एक फेरी, दोन फेऱ्या. तिसरीला मंडपातली कुजबुज थांबली. पाचव्या फेरीला एक म्हातारी पुढं आली आणि तिनं फरशीवरच त्यांच्या पायावर डोकं टेकवलं. तिच्या कपाळाला चटका बसला ते स्पष्ट दिसलं, पण ती हसत उठली.

आप्पा वैतागले. "ह्यात द्येवीचं काय न्हाई आज्जे. बॉयलरचं हाय. तापवून तापवून पास झाल्यात."

"बघा, किती साधा मानूस," म्हातारी सगळ्यांना म्हणाली.

मी त्यांच्या चपला हातात धरून मंडपात उभा होतो. मला फार अभिमान वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही. लोक माझ्याकडंही आदरानं बघत होते.

पुढच्या वर्षी यात्रेत लोक वाटच बघत बसले होते. आप्पांनी या वेळी अकरा फेऱ्या मारल्या. देवासाठी नाही, लोकांना एकदाचं कळावं म्हणून. घरी आले, जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी मामी फरशी पुसत होत्या आणि पुसलेल्या जागेवर परत ओली पावलं उमटत होती. एकच पाऊल, उजवं. मामींनी मला हळूच बोलावून दाखवलं. अंगठ्याच्या मागं, तळव्याच्या उंचवट्याला, मोठा फोड येऊन फुटला होता. मामींनी हळद भरून फडकं बांधलं. आप्पा पेपर वाचत होते. त्यांनी पाय मामींच्या हातात दिला होता, जसा आपण दुरुस्तीला पंखा देतो.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"वही बघ," आप्पा पानावरून नजर न काढता म्हणाले.

ते चालतच राहिले. बंब, बाजार, पारावर गप्पा, रबरी चप्पल घालून सगळं. न दुखणाऱ्या पायाला विश्रांती कोण देतो? दहा-बारा दिवसांनी ओट्यावर बसलो की मला वास येऊ लागला. लॅबमधल्या माणसाच्या कपड्यांना तऱ्हेतऱ्हेचे वास असतात, म्हणून आधी मी माझाच शर्ट हुंगला. मग दुसरा शर्ट घालून बसलो. वास तिथंच होता. फिटर येऊन बसला आणि लगेच उठला. जाताना मला म्हणाला, "भाई, ये घाव का बास है. हमारे बाबूजी को था."

त्या दुपारी आप्पा बाजारात गेले असताना मी वही काढली. काय शोधत होतो ते मलाही नीट माहीत नव्हतं. 'तळवा' या रकान्यात मागं मागं गेलो. माझ्याआधी वही कुणा दुसऱ्या भाडेकरूच्या हातात होती. त्याच्या किरट्या अक्षरात आप्पांच्या तळव्यापुढं लिहिलं होतं: दोन, दोन, तीन, तीन, चार. म्हणजे लागत होतं. चांगलं लागत होतं आणि चटक्यागणिक जास्त लागत होतं. निवृत्तीनंतरची दोन वर्षं लागत होतं. मग पहिला आकडा एक झाला. मग माझं अक्षर सुरू झालं. एक, शून्य, शून्य. थोड्या महिन्यांनी पहिल्यालाच शून्य, आणि तिथून पुढं पानंच्या पानं माझी सुबक, गोल, एका मापाची शून्यं.

मी लॅबमध्ये रोज आकडे वाचतो आणि खाली सही करतो. एखादं यंत्र दोन दिवस एकच आकडा दाखवायला लागलं तर आम्ही काम बंद करून आधी यंत्र तपासतो. नोकरीत पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. सवय झालेल्या जागेला पहिला चटका तरी लागतो, माझ्या तळहाताला लागला होता तसा. आप्पांच्या तळव्याला पहिलाही लागत नव्हता. दर रविवारी मी हे बघत होतो, लिहीत होतो, आणि वर चपला धरून मंडपात उभा राहत होतो. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

आप्पा बाजारातून आले तेव्हा मी ओट्यावरच होतो. सरळ सांगायचं धाडस झालं नाही. म्हटलं, "आप्पा, एक विचारू? बॉयलर पेटलाय, वाफ चढलीय, आणि काटा शून्यावर आहे. काय करायचं?"

"आधी आग कमी करायची," ते भाजीची पिशवी ठेवता ठेवता म्हणाले. "गेजला टिचकी मारायची. हालला न्हाई तर गेज मेला. पोरासोरालाबी कळतं."

"आणि तो मेलेला असताना आपण दाब नाही म्हणून भुसा टाकत राहिलो तर?"

"तर काय, फुटंल की."

मी त्यांच्या उजव्या पायाकडं बघितलं. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांनीही पायाकडं बघितलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला.

"खोली खाली कर," ते म्हणाले.

"आप्पा, डॉक्टरला दाखवू या. नुसतं दाखवू."

"दुखत न्हाई त्ये दावायचं? काय म्हनून दावायचं? खाली कर म्हनतो ना."

मामी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. संध्याकाळी त्या माझ्या खोलीवर भाकरी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "जाऊ नगंस." मी गेलो नाही. आप्पा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. वही त्यांनी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. चौथ्या दिवशी भर उन्हाळ्यात ते घोंगडी पांघरून ओट्यावर बसले होते आणि त्यांचे दात वाजत होते. फिटरनं काही न विचारता त्यांना उचललं आणि रिक्षात घातलं.

दौंडच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या, माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी फडकं सोडलं, रक्त तपासायला पाठवलं आणि तासाभरात आम्हाला सांगितलं की शुगर पुष्कळ आहे, बऱ्याच वर्षांची असणार, आणि पायाच्या नसा तिनंच गेल्यात. अंगठा आणि शेजारचं बोट आजच काढावं लागेल. आज काढलं तर पाऊल राहील. थांबलो तर कुठपर्यंत जाईल ते त्या सांगू शकत नव्हत्या. बोलताना त्यांनी हात गुडघ्यापाशी नेला होता.

आप्पांना तापातही हे मान्य नव्हतं. "बाई, ज्याचं दुखतंय त्याचं कापा. माझं दुखत न्हाई. शुगर म्हंता, जल्मभर साखर कारखान्यात व्हतो, तवा काय झालं न्हाई. नसा गेल्यात म्हंता, मला समदं कळतंय."

मामी पदर तोंडाला लावून भिंतीशी उभ्या होत्या. सहीचा कागद टेबलावर तसाच होता.

डॉक्टर मॅडम वाद घालत बसल्या नाहीत. ड्रॉवरमधून त्यांनी दांडीला लावलेली एक बारीक नायलॉनची तार काढली. "आप्पा, डोळे मिटा. मी पायाला हे टेकवीन. कळलं की हो म्हणा."

आप्पांनी डोळे मिटले. मॅडमनी तार नडगीला टेकवली. "व्हय," आप्पा म्हणाले. घोट्याच्या वर टेकवली. "व्हय." मग चांगल्या पायाच्या तळव्याला टेकवली. "व्हय." मला हायसं वाटलं. म्हणजे कळतंय. थोडं थांबून पुन्हा, "व्हय." पुन्हा, "व्हय." एका संथ तालात आप्पा हो म्हणत होते. तो ताल माझ्या ओळखीचा होता. बुडवायचा, पाच मोजायचे, झटकायचा, टेकवायचा.

मी मॅडमच्या हाताकडं बघितलं. त्यांचा हात त्यांच्याच मांडीवर होता. तार त्यांनी कधीच खाली घेतली होती.

"व्हय," आप्पा म्हणाले. मी मनात पाच मोजले. "व्हय."

मामींनी तोंडावरचा पदर काढला. आप्पांखेरीज खोलीत आम्ही तिघं होतो आणि तिघांनाही दिसत होतं. आणखी दोन वेळा ते हो म्हणाले. त्यांचा आवाज प्रत्येक वेळी थोडा मोठा होत होता, वर्गात उत्तर येत नसलेल्या पोराचा होतो तसा.

"डोळे उघडा, आप्पा," मॅडम हळू म्हणाल्या. "मी मघापासून हातच लावलेला नाही."

आप्पांनी डोळे उघडले. मॅडमचा हात बघितला, मांडीवरची तार बघितली. या माणसानं मिशीवाल्या फिटरला चार चटक्यांत खरं बोलायला लावलं होतं. मला वाटलं आता ते चिडतील, उठून चालू लागतील.

"मला वाटलं लावला," ते म्हणाले.

मग त्यांनी मला जवळ बोलावलं. "केमिस्ट, कवापास्नं हाय हे?"

"दीड वर्षाच्या वर झालं. पहिल्याच चटक्याला शून्य." पुढचं बोलणं मला फार जड गेलं. "मीच लिहिलंय, आप्पा. दर रविवारी."

"मंग बोलला का न्हाईस?"

"मला कळलं नाही."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं होतं त्याहून पुष्कळ मवाळपणे म्हणाले, "मला तरी कुठं कळलं." मग मामींकडं वळून म्हणाले, "कर सही. आन् हातरुण आन दुपारी. ऱ्हावं लागंल."

अंगठा आणि एक बोट गेलं. पाऊल राहिलं. ते पूर्ण भरून यायला पावसाळा संपला. त्या काळात चारही खोल्यांतल्या आम्ही लोकांनी आळीपाळीनं त्यांना ड्रेसिंगला नेलं. आता ते खास शिवून घेतलेले जाड तळाचे बूट घालतात आणि घरातही काढत नाहीत. यात्रेच्या दिवशी लोक बोलवायला आले होते, तेव्हा त्यांनी बूट दाखवले आणि दार लावून घेतलं. म्हातारीनं याचाही काही अर्थ लावलाच असणार.

मी दोन वर्षांपूर्वी शिरूरला परत आलो. तरी महिन्या-दोन महिन्यांनी चौफुल्यावरून दौंडला जातो आणि आप्पांना भेटतो. गेल्या खेपेला संध्याकाळी गेलो. दिवेलागण झाली होती. आप्पा खुर्चीत बसले होते आणि त्यांनी बूट काढून दोन्ही पाय समोरच्या स्टुलावर ठेवले होते. मामी खाली बसल्या होत्या. त्यांनी चष्मा लावला, मोबाइलचा टॉर्च पेटवला आणि एक एक तळवा हातात घेऊन, उरलेल्या बोटांच्या बेचक्यांसकट, सावकाश बघत गेल्या. डॉक्टर मॅडमनी रोज बघायला सांगितलंय. आप्पा छताकडं बघत होते. मामींना जरा जास्तच वेळ लागला, तसे ते थोडे पुढं झुकले आणि त्यांनी काळजीनं विचारलं, "बघ गं, दुखतंय का?"

मामींनी टॉर्च आणखी जवळ नेला. डाव्या टाचेपाशी एक भेग होती, तिच्यावरून हलकेच बोट फिरवलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "आज न्हाई दुखत."

आप्पा मागं टेकले. "बरं झालं," म्हणाले.